कामाची कुत्री आणि पावसाळी कोट (सातारा-सांगली)

पावसाळी कोट म्हणजे कुत्र्याची पाठ मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत झाकणारं आणि पोटाखालून पट्ट्यानं किंवा वेल्क्रोनं बांधायचं वॉटरप्रूफ कापड, आपल्याकडं सगळे त्याला सरळ कुत्र्याचा रेनकोटच म्हणतात. वर्किंग ब्रीड म्हणजे राखण, शिकार, मेंढरं सांभाळणं, वास काढणं असल्या कामासाठी माणसानं पिढ्यानपिढ्या निवडून तयार केलेल्या जाती. केनेल क्लब म्हणजे कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या संस्था, त्यांच्या यादीत वर्किंग, हर्डिंग (मेंढरं सांभाळणारी), गनडॉग (शिकारीत मदत करणारी) असे गट वेगवेगळे असतात, पण सातारा-सांगलीत बोलताना लॅब (लॅब्रॅडॉर), जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर आणि आपलं देशी शिकारी कारवान ही सगळी कामाचीच कुत्री धरतात आणि इथं पण तसंच धरलंय.

मृग लागला की दरवर्षी हा प्रश्न येतोच, कुत्र्याला फिरवायला न्यायचं तर रेनकोट लागतो का. जातीच्या नावावरून याचं उत्तर मिळत नाही. अंगावर केसांचे थर किती, कातडीखाली चरबी किती, वय किती आणि पावसात कुत्रं पळणार आहे का नुसतं उभं राहणार आहे, ह्या चार गोष्टींवर सगळं ठरतं. धडधाकट लॅबला किंवा जर्मन शेफर्डला इथल्या नेहमीच्या पावसात कोटाची गरज नाही, कारवानला आणि डॉबरमनला घाटमाथ्यावर गरज आहे, आणि कोट घाला नाहीतर नका घालू, घरी आल्यावर अंग मुळापर्यंत कोरडं करणं हे प्रत्येक कुत्र्याला लागतं. लोक हजार रुपये कोटावर घालतात आणि पुसायला दोन मिनिटं देत नाहीत.

केसांचे थर

लॅब्रॅडॉर मूळचं कॅनडातल्या न्यूफाउंडलँड बेटावरच्या मच्छीमारांच्या कुत्र्यांपासून आलेलं, तिथल्या गारठलेल्या समुद्रात उतरून दोर, जाळी, निसटलेले मासे ओढून आणायचं त्यांचं काम, पुढं इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जात तयार झाली आणि १९०३ साली ब्रिटनच्या केनेल क्लबनं तिला मान्यता दिली. या कुत्र्याच्या अंगावर दोन थर असतात. वरचे केस जरा राठ आणि कातडीतल्या ग्रंथींचं तेल लागलेले, खाली दाट मऊ लव. पाणी वरच्या थरावरून ओघळून जातं आणि खालच्या लवेत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, धनगराच्या अंगावरचं घोंगडं वरून चिंब दिसलं तरी आत माणूस कोरडा असतो तसंच हे. अर्धा तास भुरभुर पावसात फिरवून आणलेल्या लॅबच्या खांद्यावरचे केस दोन बोटांनी फाकवून बघा, वरची टोकं चार-चार एकत्र चिकटलेली असतात, हाताला पाणी लागतं, पण मुळाशी कातडी कोरडी आणि कोमट लागते. मग हात पोटाखाली घाला, तिथं केस विरळ असतात आणि रस्त्यावरचं पाणी खालून उडत असतं, त्यामुळं पोट, काखा आणि मांड्यांची आतली बाजू पार भिजलेली. म्हणजे नुसती पाठ झाकणारा कोट लॅबच्या अंगावरची आधीच कोरडी राहणारी जागा झाकतो.

जर्मन शेफर्ड, मॅलिनॉई, हस्की यांच्या अंगावर पण दोन थर. रॉटवायलरला पण खालची लव असते पण ती मान आणि मांड्यांवर जास्त. डॉबरमनला मात्र एकच आखूड थर, तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या एका करवसुली करणाऱ्या माणसानं राखणीसाठी तयार केलेला कुत्रा, दिसायला दणकट पण अंगावर चरबी कमी, पाणी थेट कातडीला लागतं.

ही केसांची सोय माणूस आपल्या हातानं मोडतो ते दोन प्रकारानं. एक, दर आठवड्याला शाम्पू, त्यानं केसांवरचं तेल निघून जातं आणि मग तेच लॅब पाच मिनिटांच्या सरीत मुळापर्यंत भिजतं. दुसरं, एप्रिल-मेमध्ये उन्हाळा म्हणून जर्मन शेफर्डला मशिननं भादरून आणायचं आणि जूनला पाऊस आला की लव अर्धवट, वरचे केस आखूड. दोन थरांच्या कुत्र्याला भादरू नये, नुसतं विंचरून मेलेली लव काढावी.

अंग झाडायची कला तर कुत्र्याची जन्मजात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१२ मध्ये याच्यावर पेपर लिहिला, लॅबसारखा कुत्रा सेकंदाला चारेक वेळा अंग पिळवटतो आणि काही सेकंदांत केसातलं बरंचसं पाणी फेकून देतो. अंगावर घट्ट कोट असला की हे जमत नाही, कुत्रं झाडायला बघतं आणि कोटाखालचं पाणी तिथंच राहतं.

कारवान

सांगलीच्या पूर्वेला जत, आटपाडी, कवठे महांकाळ, साताऱ्यात माण, खटाव, आणि पलीकडं कर्नाटकात मुधोळपर्यंत जो कोरडा पट्टा आहे तो कारवानचा मुलूख. उंच, लांब तोंडाचं, पोट आत गेलेलं, बरगड्या मोजता येतील असं शिकारी कुत्रं. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कारवान हाउंड म्हणून नोंदवतो तर दुसरी संस्था मुधोळ हाउंड म्हणून. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी या जातीला नाव मिळवून दिलं, २००५ मध्ये पोस्टानं भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होतं आणि त्यानंतर लष्करानंही ही कुत्री ट्रेनिंगला घेतली.

आता हा पट्टा म्हणजे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. या भागातले धनगर पण पावसाळ्यात आपल्या कोरड्या माळावरच थांबतात आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरतात, कारण मुसळधार पाऊस आणि चिखल दख्खनी मेंढराला मानवत नाही, खुरं सडतात. त्यांच्याबरोबर राहणारं कुत्रं पण ह्याच हवेचं. आखूड चकचकीत एकच थर, पातळ कातडी, चरबी जवळजवळ नाहीच, कारण उन्हात सशामागं पळायचं तर अंगातली उष्णता पटापट बाहेर जायला पाहिजे. पशमी म्हणजे कानाला आणि शेपटीला झालर असलेला प्रकार असतो, पण त्या झालरीनं पाठ झाकत नाही.

तेच कुत्रं आज साताऱ्यात, पाचगणीत, पाटणला हौसेनं पाळतात आणि ऑगस्टच्या झडीत पठारावर नेतात. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या पठारावर वारा कसा असतो हे तिथं गेलेल्याला सांगायला नको. भिजलेलं कारवान तिथं पाच-दहा मिनिटं थांबलं की पाठीची कमान करतं, शेपूट पोटाखाली घेतं, मागचे पाय एकमेकांजवळ आणून थरथरतं. पळत असेपर्यंत काही होत नाही, मालक फोटोला थांबला की थंडी वाजते. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून नेतं, त्यात वारा, आणि आत चरबीचा थर नाही. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, ते ९९ च्या खाली जायला लागलं तर प्रकरण गंभीर. थरथर चालू आहे तोवर शरीर झगडतंय, थरथर थांबून कुत्रं सुस्त पडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर ताबडतोब पुसून, कोरड्या कापडात गुंडाळून डॉक्टरकडं न्यायचं, गरम पाणी अंगावर ओतायचं नाही. अशा कुत्र्याला कोट घालणं म्हणजे लाड नाहीत, गरज आहे, आणि "देशी जात आहे, काय होत नाही" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. देशी आहे पण जतची आहे, महाबळेश्वरची नाही.

पाऊस कुठला

दोन जिल्ह्यांत पावसाचा फरक दहा पटींचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आणि जुलैत दिवसा पण २० अंशांच्या आसपास गारठा, कास, बामणोली, कोयनानगर, शिराळ्यातली चांदोलीची बाजू हा सगळा भाग दिवसचे दिवस धुक्यात आणि झडीत. तिथं एका थराच्या कुत्र्याला, सात-आठ वर्षांच्या पुढच्या कुठल्याही कुत्र्याला, संधिवात असलेल्याला आणि आजारातून उठलेल्याला कोट घालावा. सांगली, मिरज, तासगाव, विट्याला सर येते आणि जाते, तापमान पंचवीस-अठ्ठावीस, तिथं तरुण कारवानला पण रोजच्या फिरण्याला कोट लागत नाही. सातारा शहर मधलं, पेठेत फिरायचं तर नको, यवतेश्वरच्या घाटानं वर जायचं तर कारवानला बॅगेत असू द्यावा.

कोट कुठं नडतो

सांगलीच्या दमट हवेत कोट घालून लॅबला पळवणं हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं आणि कुणी याच्याबद्दल बोलत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळव्यांना थोडा येतो, बाकी उष्णता जिभेवाटे धापा टाकून बाहेर काढतं. हवा आधीच ओली असली की धापेचा उपयोग कमी होतो आणि वरनं प्लास्टिक घातलं की कातडीची वाफ पण आतच. भारी कोटावर हवा जाणारं कापड असं लिहिलेलं असतं, पण आतली वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी पाहिजे, झडीच्या दिवसात ती कुठून असणार. वीस मिनिटांनी कोट काढला की खाली कुत्रं पावसाइतकंच ओलं, फक्त कोमट.

शिवाय काखेत घासून केस जातात आणि चट्टे पडतात, घाणेरीच्या झुडपात आणि काटेरी तारेत कोट अडकतो, परतीच्या पावसानंतर गवत वाळलं की वेल्क्रोमध्ये कुसळं भरतात. म्हणून शेतात मोकळं सोडायच्या कुत्र्याला कोट घालू नये, दोरीवर फिरवताना ठीक.

पुसणं आणि बाकीचं

दोन थरांचं कुत्रं उशिरा भिजतं तसंच उशिरा सुकतं. जर्मन शेफर्डची लव एकदा मुळापर्यंत भिजली की पंख्याखाली पण तासनतास ओली राहते, आणि त्या ओलीत कातडी लाल होऊन चिघळते, एका रात्रीत रुपयाएवढा डाग तळहाताएवढा होतो. जुना सुती पंचा घेऊन केसांच्या उलट्या दिशेनं दाबत पुसायचं, मग पोट, काखा, बोटांच्या बेचक्या. लॅबचे लोंबते कान उलटे करून आतनं कोरडे करायचे, पावसाळ्यात कान ओलसर राहूनच वास मारायला लागतात. पुसताना गोचीड पण हाताला लागते, ती गोचीड ताप देते म्हणून रोज बघायचीच. इंग्लंडमध्ये शिकारीच्या कुत्र्यांना फिरून आल्यावर टॉवेलच्या कापडाचा कोट घालून गाडीत बसवतात, आपल्याकडं जुन्या टर्किश टॉवेलला दोन नाड्या लावल्या की तेच काम होतं आणि मला तो वॉटरप्रूफ कोटापेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो.

साचलेल्या पाण्याचं वेगळं. उंदराच्या मुतातनं लेप्टोस्पायरोसिस पसरतो, कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडनं माणसाला पण. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं तसलं पाणी ओसरल्यावर गल्लीतनं कुत्रं फिरवायचं नाही, डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही. कोटाचा याला काडीचा उपयोग नाही. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते, मे महिन्यातच तारीख बघून घ्यावी. ज्या पिल्लाच्या लसी पूर्ण नाहीत त्याला पावसात बाहेर नेऊच नये.

कोट घ्यायचाच तर

मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत आणि छातीचा सगळ्यात रुंद घेर, ही दोन मापं. कारवानची छाती खोल आणि कंबर बारीक, त्यामुळं रेडिमेड कोट छातीला बसला तर कमरेला लोंबतो, रेक्झिनचं काम करणाऱ्याकडनं मापानं शिवून घेतलेला बरा. पोटाखाली पण कापड पाहिजे, टोपी नको कारण कान दबतात आणि कुत्रं बिथरतं, पट्टा अडकवायला पाठीवर भोक पाहिजे. कोट एकच असेल तर दुसऱ्या दिवशी तो ओलाच असतो आणि ओला कोट घालण्यापेक्षा उघडं नेलेलं चांगलं. अंधारात हायवेच्या सर्व्हिस रोडनं फिरवणार असाल तर चमकणारी पट्टी प्रत्येक कुत्र्याला पाहिजे, पावसात काळं लॅब दुचाकीवाल्याला दिसतच नाही.

वस्तीवर राखणीला बांधलेलं कुत्रं ही सगळ्यात जास्त भिजणारी जात, त्याला कुणी फिरवत नाही आणि ते हलत पण नाही. त्याला रात्रभर कोट घालून ठेवणं चुकीचं, पट्टा गळ्यात अडकतो, चावून गिळला तर पोटात गाठ होते. त्याला छप्पर पाहिजे, जमिनीपासून अर्धा फूट वर फळी, तोंड पूर्वेला कारण आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडनं मारतो, साखळी आतपर्यंत पोचेल एवढी लांब, आणि आत पोतं नको, पोतं ओल धरतं, वाळलेलं सरमाड किंवा भाताचा पेंढा टाकायचा आणि ओला झाला की बदलायचा.