१८६३च्या जाहीरनाम्याने सगळे गुलाम सुटले?

‘अमेरिकेत १ जानेवारी १८६३च्या जाहीरनाम्याने सगळे गुलाम मुक्त झाले’, हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. शाळेतही साधारण असंच कानावर पडतं, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिक आहे.

पण राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा तो मूळ जाहीरनामा उघडून पाहा, फार मोठा नाही. त्यात फक्त बंडखोर राज्यांची, म्हणजे यादवी युद्धात संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेतल्या राज्यांची यादी आहे. केंटकी, डेलावेअर त्यात नाहीतच. ती संघराज्यातून फुटली नव्हती. तिथली गुलामगिरी युद्ध संपल्यावरही चालू राहिली, थेट डिसेंबर १८६५मध्ये गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होईपर्यंत.

त्या दुरुस्तीचं पहिलं कलम एकाच वाक्याचं आहे. तेही वाचा: ‘गुन्ह्याची शिक्षा’ हा अपवाद त्यातच सापडेल. दक्षिणेतल्या राज्यांनी मग कामाविना फिरणं हाच गुन्हा ठरवला आणि पकडलेले कृष्णवर्णीय कैदी मळ्यांना, खाणींना भाड्याने दिले.