परंपरा आणि बाजार एका पंगतीला कसे बसले?

'कन्झर्व्हेटिव्ह'ला मराठीत रुळलेला प्रतिशब्द 'पुराणमतवादी'. तो वापरला की जुने ते सोने म्हणत प्रत्येक बदलाला आडवा येणारा माणूस डोळ्यांसमोर येतो आणि निम्मा वाद तिथेच निकालात निघतो. 'सनातनी' धर्माकडे झुकतो, 'प्रतिगामी' तर शिवीच. 'परंपरावादी' त्यातल्या त्यात बरा. पण सरकारी कंपन्या विका, कर घटवा, मजुरांपासून भांडवलापर्यंत सगळे मोकळे सोडा, असे सांगणारा अर्थमंत्री कोणती परंपरा जपत असतो? शब्द अपुरा पडतो यात अनुवादकाचा दोष नाही. मूळ शब्दाच्याच पोटात गेल्या सत्तर वर्षांत दोन वेगळे विचार कोंबले गेले आहेत.

कन्झर्व्हेटिव्ह विचाराची सुरुवात फ्रेंच राज्यक्रांतीच्या धसक्यातून झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र १७९० मध्ये त्या क्रांतीवर तुटून पडलेला ब्रिटिश खासदार त्याआधी अमेरिकी वसाहतींची गाऱ्हाणी संसदेत मांडत होता, हे सहसा सांगितले जात नाही. त्याचा राग बदलावर नव्हता. कागदावर आराखडा आखून अख्खा समाज नव्याने उभारण्याच्या आत्मविश्वासावर होता. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या संस्थांमध्ये एका माणसाच्या बुद्धीत मावणार नाही इतके शहाणपण साठलेले असते, हा या विचाराचा गाभा. युरोपात त्याच्याच शेजारी राजा आणि धर्मपीठ यांना पूर्वीच्या गादीवर बसवू पाहणारा कडवा प्रवाह होता. दोघांना एकाच नावाने हाक मारण्याची सवय तेव्हापासूनची.

एकोणिसाव्या शतकात मुक्त बाजार हे उदारमतवाद्यांचे दैवत होते. ब्रिटनमध्ये १८४६ साली कन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधानाने धान्याच्या आयातीवर शुल्क लावून जमीनदारांना जपणारे कायदे रद्द केले ते विरोधकांच्या मतांवर. जमीनदार खासदार उलटले आणि पक्ष फुटला. जर्मनीत कामगारांसाठी आजारपणाचा (१८८३), अपघाताचा (१८८४) आणि वार्धक्याचा (१८८९) विमा आणला तो समाजवाद्यांच्या शिडातली हवा काढू पाहणाऱ्या एका कट्टर राजनिष्ठ चान्सलरने.

मग बाजार या घरात शिरला कसा? १९५५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका नियतकालिकाभोवती तीन गट जमले: धर्म आणि परंपरा मानणारे, सरकारचा हात आखडता हवा असणारे आणि साम्यवादाचे कडवे विरोधक. यातले काही जण स्वतःच एके काळचे साम्यवादी. त्यांच्यापैकी एका संपादकाने मोट बांधली. सद्गुण लादून येत नाहीत, म्हणून स्वातंत्र्य हवे. आणि नीतीची परंपरा नसेल तर स्वातंत्र्य भरकटते, म्हणून तीही हवी, असा त्याचा युक्तिवाद. ऐकायला तो गोळीबंद वाटतो, पण दोन्हीकडच्यांना पटला नाही. परंपरा मानणाऱ्यांना ही नुसती तडजोड वाटली. दुसरीकडे, मुक्त बाजाराच्या एका नामवंत पुरस्कर्त्याने १९६० मध्ये आपल्या ग्रंथाला 'मी कन्झर्व्हेटिव्ह का नाही' असे परिशिष्टच जोडले. पुढे ब्रिटनच्या कन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधानांनी त्यालाच गुरू मानावे, हा दैवदुर्विलास!

खरी अडचण तत्त्वातच होती. बाजाराइतका परंपरा विरघळवणारा दुसरा पदार्थ नाही. मोट टिकली, कारण समोर सोव्हिएत संघ होता. अमेरिकेत १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिच्या उमेदवाराला पन्नासपैकी जेमतेम सहा राज्ये मिळाली. सोळा वर्षांनी त्याच विचाराचा माणूस अध्यक्ष झाला. ब्रिटनमध्ये १९७९ ला कन्झर्व्हेटिव्ह सत्तेवर आले आणि पुढच्या दशकात कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. त्या वस्त्यांमधले चर्च, वाद्यवृंद, बापाचा धंदा मुलाने चालवण्याची रीत, म्हणजे या विचाराने प्राणपणाने जपायच्या गोष्टी, त्यांचा आधारच गेला. तोटा किती सोसायचा हा प्रश्न खरा होता. पण खाणी बंद करणाऱ्यांनी 'परंपरा' हा शब्द तेवढा जपून वापरायला हवा होता.

१९९१ नंतर समान शत्रू उरला नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टाने बाजाराची पतही घसरली. देश, सीमा, कुटुंब यांची भाषा करणारा प्रवाह पुन्हा वर आला आणि २०१८ मध्ये अमेरिकेने आयात पोलादावर २५ टक्के, ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. लावणारे सरकार कन्झर्व्हेटिव्हच होते, आणि त्याचा युक्तिवाद १८४६ च्या बंडखोर जमीनदारांना ओळखीचा वाटला असता.