कार्यसातत्य नियोजन (जहाज कंपनीचा ताफा)

पूर, आग, संगणकहल्ला, साथ किंवा युद्ध, काहीही ओढवले तरी कंपनीची जहाजे सुरक्षित चालत राहावीत आणि मालाची ने-आण फार खोळंबू नये, यासाठी आधीच करून ठेवलेली व्यवस्था म्हणजे ताफ्याचे कार्यसातत्य नियोजन. रोजच्या बोलण्यात याला ‘बीसीपी’ म्हणतात. सर्व उद्योगांना लागू पडणारे त्याचे मानक, आयएसओ २२३०१, २०१२ मध्ये आले आणि २०१९ मध्ये सुधारले गेले. जहाज कंपनीची गरज मात्र बँकेपेक्षा किंवा कारखान्यापेक्षा वेगळी असते. तिची मालमत्ता आणि माणसे रोज नव्या ठिकाणी असतात, कार्यालय तेवढे एका जागी.

जहाज स्वतःपुरते बरेचसे स्वयंपूर्ण असते. वीज स्वतःची, समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारे यंत्र, कोठीत काही आठवड्यांचा शिधा. मुख्य वीज गेली तर सोलास या समुद्रावरील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मालवाहू जहाजाच्या आपत्कालीन जनरेटरने अत्यावश्यक यंत्रणा १८ तास चालवायच्या असतात. सुरक्षिततेच्या प्रश्नावर अंतिम अधिकार कॅप्टनचा. किनाऱ्यावरचे कार्यालय त्यामानाने फार नाजूक असते : एक इमारत, एक सर्व्हर आणि सगळे फोन नंबर ज्याच्या मोबाइलमध्ये आहेत असा एखादाच मुरलेला माणूस. म्हणून नियोजनाची सुरुवात कार्यालयापासून व्हायला हवी. जहाजावरच्या आगीला पानेच्या पाने आणि कार्यालय बुडाले तर काय, याला एक परिच्छेद, असा आराखडा कामाचा नाही.

किनाऱ्याची जबाबदारी कायद्याने ठरली ती एका दुर्घटनेनंतर. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून निघालेली ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरीबोट पुढचे दरवाजे उघडेच राहिल्याने उलटली आणि १९३ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत जहाजावरच्या लोकांइतकाच दोष कंपनीच्या व्यवस्थापनावर आला. पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आयएसएम संहिता केली. ती प्रवासी जहाजे, टँकर वगैरेंना १ जुलै १९९८ पासून आणि इतर मालवाहू जहाजांना १ जुलै २००२ पासून बंधनकारक झाली. वरिष्ठ व्यवस्थापनाशी थेट बोलू शकेल असा किनाऱ्यावरचा नियुक्त अधिकारी, म्हणजेच ‘डीपीए’, तिनेच आणला. ५,००० टन किंवा त्याहून अधिक वहनक्षमतेच्या तेलटँकरला अपघातानंतर जहाज कितपत तरेल याचे गणित किनाऱ्यावरून तत्काळ मिळाले पाहिजे, असे जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणारा मारपोल करार सांगतो. ते गणित करून देणाऱ्यांशी करार आधी झालेला हवा.

२७ जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ या संगणकहल्ल्यात मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची जहाजे तरंगत राहिली, चालतही राहिली; कोसळले ते किनाऱ्यावरचे जाळे. बुकिंग थांबले, न्हावाशेव्यातल्या तिच्या टर्मिनलचे काम अडले, सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. वापरकर्त्यांच्या खात्यांची एकमेव शाबूत प्रत घानातल्या कार्यालयात सापडली, आणि तीही वीज गेल्यामुळे ते यंत्र जाळ्यापासून तुटले होते म्हणून. कंपनीने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. जाळ्याशी न जोडलेली एक प्रत ठेवायला यातला नगण्य हिस्साही लागत नाही.

बडोद्यासारख्या समुद्र नसलेल्या शहरात हा विषय दूरचा वाटू शकतो. तसा तो नाही. बडोदे संस्थानाने १९२६ मध्ये ओखा बंदर सुरू केले होते. आज कोयलीची रिफायनरी, नंदेसरीचे रासायनिक कारखाने आणि दशरथचा कंटेनर डेपो यांच्या आधाराने शहरात मालवाहतुकीची आणि क्लिअरिंगची कार्यालये चालतात. त्यांचा धोका समुद्रातून येत नाही, शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतून येतो. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुन्हा मोठा पूर आला. अशा वेळी अलकापुरीचे गरनाळे (रेल्वेखालचा रस्ता) भरते, काळाघोड्याचा पूल बंद होतो, आणि दांडियाबाजारात राहणाऱ्या माणसाला नदीपलीकडचे ऑफिस समोर असून गाठता येत नाही. म्हणून पर्यायी जागा नदीच्या दोन्ही बाजूंना हवी, सर्व्हर तळमजल्यावर नको, आणि जहाजाचे नकाशे, स्थिरता पुस्तिका, क्रू लिस्ट, विमा क्लबचे (जहाजमालकांच्या सामायिक विमा संस्थेचे) नंबर यांची छापील फाइल डीपीएच्या घरीही हवी.

कोणते काम किती वेळ थांबू शकते, हे आराखड्यात स्पष्ट लिहावे लागते. आणीबाणीचा फोन क्षणभरही बंद चालत नाही. जहाजाकडून दुपारी येणारा नून रिपोर्ट वाचायला काही तास उशीर चालेल, सुट्या भागांची खरेदी आठवडाभर थांबेल. पगाराच्या बाबतीत गाफील राहू नये : सागरी कामगार करारानुसार दोन महिन्यांचा पगार थकला तर खलाशांना वाऱ्यावर सोडल्याचे धरले जाते. माणसे बदलण्याची सोयही आराखड्यातच येते. २०२० च्या अखेरीस कोविडमुळे सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते.

मार्ग बंद होण्याची उदाहरणे ताजी आहेत. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सहा दिवस सुएझ कालव्यात आडवे पडले. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. घराजवळचे उदाहरण खंभातच्या आखातातल्या घोघा–दहेज फेरीबोटीचे. २०१७ मध्ये सुरू झालेली ही सेवा २०१९ मध्ये दहेजच्या बाजूला गाळ साचून बंद पडली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये घोघा–हजिरा अशी नव्याने निघाली. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरपर्यंत जातो, तेव्हा पर्यायी बंदर निव्वळ नावाने लिहून भागत नाही. तिथली खोली, भरतीची वेळ आणि एजंट यांसह लिहावे लागते.

सराव रात्री घ्यावा. दोन वाजता फोन लावून पाहावे : उचलणारा जहाजाचे नाव, अक्षांश-रेखांश, जखमी, तेलगळती हे याच क्रमाने विचारतो का? प्रश्नांची छापील पट्टी फोनशेजारी चिकटवलेली असावी. आयएसएमची अंतर्गत तपासणी जास्तीत जास्त १२ महिन्यांनी होते; फोन नंबर त्याआधीच बदलतात, म्हणून ती यादी दर महिन्याला एकेक नंबर लावून तपासावी.