संयुक्त संभाव्यता वितरण

एकाच प्रयोगातून मिळणाऱ्या दोन यादृच्छिक चलांच्या (ज्यांची किंमत योगायोगाने ठरते अशा राशींच्या) किमतींची प्रत्येक जोडी किती संभाव्यतेने येते, हे सांगणारे कोष्टक किंवा सूत्र म्हणजे त्या चलांचे संयुक्त संभाव्यता वितरण होय. त्यातील एकही संख्या ऋण नसते आणि सर्वांची बेरीज १ येते.

दोन समतोल फासे टाकून पहिल्यावरील अंकाला क्ष आणि दोहोंपैकी मोठ्या अंकाला (अंक सारखे असल्यास त्याच अंकाला) य म्हटले, तर क्ष च्या किमतींच्या ओळी आणि य च्या किमतींचे स्तंभ असलेले ३६ घरांचे कोष्टक तयार होते. क्ष हा य पेक्षा मोठा असणे अशक्य, म्हणून १५ घरांत शून्य येते. क्ष लहान असल्यास दुसऱ्या फाशावर नेमका य हाच अंक पडावा लागतो, म्हणून आणखी १५ घरांत १/३६ येते. खरी काळजी क्ष आणि य समान असलेल्या, कर्णावरच्या सहा घरांत घ्यावी लागते : दोन्ही किमती ३ असतील, तर दुसऱ्या फाशावर १, २, ३ यांपैकी काहीही चालते, म्हणून तेथे ३/३६ येते. शक्य जोड्या २१ आहेत म्हणून प्रत्येकीला १/२१ देणे ही सहज होणारी चूक आहे, कारण समसंभाव्य असतात त्या मूळच्या ३६ निष्पत्ती, त्यांतून घडलेल्या जोड्या नव्हेत. १६५४ साली फ्रेंच गणिती पास्काल यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात फ्रेंच गणिती फर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या खेळाच्या पैजेची वाटणी करताना हेच भान राखले होते; प्रत्यक्षात न खेळले जाणारे डावही जमेस धरून त्यांनी सर्व निष्पत्ती समसंभाव्य केल्या.

ओळींच्या बेरजांतून क्ष चे आणि स्तंभांच्या बेरजांतून य चे सीमांत वितरण, म्हणजे त्या एकट्या चलाचे वितरण, मिळते. य = ३ या स्तंभाची बेरीज ५/३६ आहे; त्यामुळे मोठा अंक ३ असल्याचे कळल्यावर पहिल्या फाशावर ३ असण्याची सशर्त संभाव्यता ३/५ ठरते. एरवी ती १/६ असते, अर्थात हे चल स्वतंत्र नाहीत. स्वातंत्र्यासाठी प्रत्येक घरातील संख्या तिच्या ओळीच्या व स्तंभाच्या बेरजांच्या गुणाकाराइतकी असावी लागते.

सीमांत वितरणांवरून संयुक्त वितरण मात्र परत मिळवता येत नाही, आणि या संकल्पनेची गरज येथेच पटते. दोन समतोल नाणी स्वतंत्रपणे उडवली तर चारही घरांत १/४ येते. एकाच नाण्याचा निकाल दोनदा नोंदवला तर दोन घरांत १/२ आणि उरलेल्या दोहोंत शून्य येते, तरीही प्रत्येक चलाचे स्वतःचे वितरण दोन्हीकडे सारखेच असते.

सतत चलांसाठी, म्हणजे एखाद्या पट्ट्यातील कोणतीही किंमत घेऊ शकणाऱ्या चलांसाठी, कोष्टकाऐवजी घनता फलन (संभाव्यता कोठे किती दाट आहे हे सांगणारे फलन) वापरतात आणि बेरजेच्या जागी समाकलन येते.