नॅव्हाहो कर्णभूषणे

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील ॲरिझोना व न्यू मेक्सिको या राज्यांत मुख्यतः राहणाऱ्या नॅव्हाहो (स्वभाषेत ‘दिने’) लोकांची, हाताने घडवलेली चांदीची व पिरोजा (पेरोज) जडवलेली कानातली.

यांत दगड आधीचा, चांदी नंतरची. न्यू मेक्सिकोतील सेरियोसच्या खाणींतून स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून पिरोजा निघत असे. चाको खोऱ्यातील प्वेब्लो बोनितो या प्राचीन वसाहतीच्या उत्खननात त्याचे हजारो मणी व तुकडे सापडले आहेत. नॅव्हाहो स्त्रीपुरुष भोक पाडलेला पिरोजा दोऱ्याने कानात बांधत, किंवा चपट्या मण्यांचे लहान सर कानात अडकवत. या सरांना ‘जोक्ला’ म्हणतात. पुढे ते कानातून उतरून गळ्यातल्या माळेच्या टोकाला लोंबू लागले.

चांदीकामाच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. पहिला नॅव्हाहो चांदीकारागीर म्हणून परंपरा अत्सिदी सानी याचे नाव घेते. नाकाय त्सोसी नावाच्या मेक्सिकन लोहाराकडून तो प्रथम लोखंडकाम शिकला, याबद्दल फारसा वाद नाही. वाद चांदीचा आहे. १८५३ मध्ये सरकारी प्रतिनिधी हेन्री डॉज याने नॅव्हाहो प्रदेशात एक लोहार व एक मेक्सिकन चांदीकारागीर आणला होता. या आधारे अभ्यासक आर्थर वुडवर्ड यांनी चांदीकामाचा आरंभ त्याच दशकात मानला. दुसरे अभ्यासक जॉन ॲडेअर यांनी मात्र वृद्ध कारागिरांच्या तोंडून ऐकलेल्या हकिगती नोंदवल्या. त्यांच्यानुसार न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथे अमेरिकी सैन्याने ठेवलेल्या बंदिवासातून (१८६४–६८) नॅव्हाहो सुटून आल्यावरच हे काम सुरू झाले. चांदीकारागीर जवळ असणे आणि त्याच्याकडून कला शिकली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने ॲडेअर यांचा कालनिर्णय अधिक ग्राह्य वाटतो. मात्र बंदिवासात शिधावाटपाच्या धातूच्या बिल्ल्यांच्या हुबेहूब नकलासुद्धा बनवल्या गेल्याचे सांगतात. तेव्हा धातूवर हात त्याआधीच बसलेला असावा.

पिरोजा चांदीत प्रथम जडवण्याचे श्रेय अत्सिदी चोन या नॅव्हाहो कारागिराला, सुमारे १८७८ च्या एका अंगठीसाठी, दिले जाते. कानातल्यांत हे जडावकाम केव्हा आले ते निश्चित सांगता येत नाही. सुरुवातीची चांदीची कानातली म्हणजे तारेची मोठी बाळी व तिच्यात ओवलेला एक पोकळ मणी. ती पुरुषही घालत.

वॉशिंग्टन मॅथ्यूज या लष्करी शल्यवैद्याने १८८० च्या सुमारास दोन कारागिरांना आपल्या निवासाजवळ भट्टी मांडून दिली आणि त्यांचे काम बारकाईने टिपले. बकरीच्या कातड्याचा भाता, मातीची मूस, पितळेची फुंकणी, डाख देताना टाकणखार (बोरॅक्स), आणि ज्योतीसाठी मेंढीच्या चरबीत भिजवलेल्या चिंध्यांची जाड वात. एवढ्या अवजारांवर झालेले ते काम थक्क करणारे आहे. चांदी नाणी वितळवून मिळे. १८९० च्या सुमारास अमेरिकी नाणी वितळवण्यावर निर्बंध आल्यावर मेक्सिकन पेसो वापरात आले.

दगड पूर्वी वालुकाश्मावर घासून गुळगुळीत करत. त्याला पैलू पाडत नाहीत. त्याचा मूळ आकार आणि आतल्या मातृखडकाच्या (ज्यात तो तयार झाला त्या खडकाच्या) काळ्या-तपकिरी रेषा शक्यतो राखतात, म्हणून एकाच जोडीतले दोन खडे तंतोतंत सारखे नसतात. चांदीच्या पातळ पट्टीचे कोंदण दगडाच्या कडेवर दाबून बसवतात. तळाशी लाकडाचा भुसा घालण्याची रीत होती. दगड त्यावर टेकल्याने दाबताना तडकत नसे. पिरोजा हे तांबे व ॲल्युमिनियमचे सजल फॉस्फेट असून मोझ मापनश्रेणीवर त्याची कठिनता ५ ते ६ असते. तो सच्छिद्र असल्याने अंगाचे तेल व साबण शोषून हिरवट पडतो.

शेजारच्या झुनी लोकांनी ही कला नॅव्हाहोंकडून घेतली, पण बारीक खड्यांची दाट जडणघडण स्वतःची केली. नॅव्हाहो कारागीर एका मोठ्या दगडाला मान देतो.

१८९९ पासून रेल्वेमार्गावर हॉटेले व उपाहारगृहे चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीने रेल्वेप्रवाशांसाठी हलके दागिने बनवून घ्यायला सुरुवात केली. मॅग्नेसाइट व हाउलाइट ही खनिजे रंगवून केलेल्या पिरोजाच्या नकलाही आज सर्रास मिळतात. दुसऱ्याने केलेली वस्तू मूलनिवासींची म्हणून विकणे अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. ॲरिझोनातील ग्लोबजवळच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ खाणीतून पिरोजा काढणे २०१२ मध्ये थांबले, तेव्हापासून तिचा एकसारखा निळा दगड महागला आहे.