महाराष्ट्रातील बालवयीन लठ्ठपणा

वय आणि उंची यांच्या मानाने शरीरात, विशेषतः पोटाभोवती, आरोग्याला बाधेल इतकी चरबी साठणे म्हणजे बालवयीन लठ्ठपणा. वैद्यकीय लेखनात त्याला ‘बालस्थूलता’ असेही म्हणतात. घरोघरी मात्र तो बराच काळ ‘बाळसं’ या लाडक्या शब्दाखाली झाकलेला राहतो. महाराष्ट्रात कुपोषण आणि लठ्ठपणा शेजारी शेजारी नांदतात. एकाच जिल्ह्यात, क्वचित एकाच घरात. एकाच मुलाच्या अंगात दोन्ही असू शकतात, हे पुण्याजवळच्या खेड्यांतील संशोधनाने दाखवून दिले आहे.

आकडेवारी : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) राज्यातील पाच वर्षांखालील १.९ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने जास्त होते. पाचव्या फेरीत हा आकडा ४.१ टक्के झाला. देशपातळीवर तो २.१ वरून ३.४ वर गेला, म्हणजे महाराष्ट्र आधी सरासरीच्या खाली होता आणि नंतर वर आला. राज्यातील पाचव्या फेरीची मोजणी २०१९ मध्येच उरकली होती. त्यामुळे ही वाढ कोविडच्या टाळेबंदीच्या माथी मारता येत नाही. त्याच फेरीत राज्यातील ३५.२ टक्के मुलांची उंची खुंटलेली आणि २५.६ टक्के मुले रोडावलेली आढळली. एका टोकाचा आकडा दुपटीने वाढला आणि दुसऱ्या टोकाचा जागचा हलला नाही.

या सर्वेक्षणात पाच ते चौदा वर्षांच्या मुलांचे वजन-उंची घेतली जात नाही. शाळेची सगळी वर्षे त्यातून निसटतात, आणि लठ्ठपणा वाढतो तो नेमका याच वर्षांत. ही फट काही अंशी भरून काढणाऱ्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील ५ ते ९ वयोगटातील ४ टक्के आणि १० ते १९ वयोगटातील ५ टक्के मुले जास्त वजनाची होती. आकडे किरकोळ वाटतात. पण त्याच पाहणीत दहातल्या एका मुलाच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. जास्त वजनाची मुले विसातली एक आणि साखर वाढलेली दहातली एक! म्हणजे साखर वाढलेल्यांतली निदान निम्मी मुले जास्त वजनाची नव्हती.

बारीक पण चरबीयुक्त : या कोड्याचा मोठा भाग उलगडला तो पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांच्या नवजात बाळांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली गेली. इथले बाळ सरासरी २.७ किलोचे, तिथले ३.५ किलोचे. इथल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातील अवयव लहान, पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरलेल्या कातडीची जाडी मात्र फारशी कमी नव्हती. थोडक्यात, उपाशी गर्भाने बाकी सगळ्यात काटकसर केली आणि चरबी तेवढी राखली. मोठेपणीही हा साचा टिकतो, हे सांगायला याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले : ते आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के भरली.

याच गावांतील सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. बी-१२ कमी आणि फोलेट (हेही ‘बी’ गटातलेच जीवनसत्त्व) जास्त असलेल्या मातांची मुले सहाव्या वर्षी अधिक चरबीची आणि साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला कमी दाद देणारी निघाली. मूल लठ्ठ झाले की दोष त्याच्या जिभेला दिला जातो. इथे गोष्ट सुरू झाली होती ती आईच्या पोटात.

मापन : मुलांना प्रौढांचा बीएमआय तसाच लावता येत नाही, कारण तो वयानुसार बदलतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वर्षांसाठीचे सुधारित वाढतक्ते २०१५ मध्ये आले. त्यांच्या मांडणीत पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. त्यात जास्त वजनाची रेषा प्रौढपणी २३ ला आणि लठ्ठपणाची २७ ला जाऊन मिळते. पाश्चात्त्य मोजमापात हे आकडे २५ आणि ३० आहेत. आपल्या शरीरात कमी वजनावरही चरबी जास्त असते म्हणून रेषा खाली ओढल्या. कंबरेचा घेर घेतल्यास अंदाज आणखी नेमका येतो, पण शाळेच्या आरोग्य तपासणीत टेप क्वचितच निघते.

कारणे : जन्मतः बारीक असलेल्या या साच्यावर पुढे काय ओतले जाते, यावर बरेच अवलंबून असते. ‘गुटगुटीत’ हे मराठी घरातले सर्वांत मोठे प्रशस्तिपत्रक. अंगणवाड्यांत आणि मंडळांत भरणाऱ्या सुदृढ बालक स्पर्धांतही वजनाला मान असतो. ज्या समाजाने दुष्काळ आणि बालमृत्यू पाहिले त्याला भरल्या अंगाचे मूल सुखाचे वाटणारच. त्यात हसण्यासारखे काही नाही. मात्र आजीने भरवलेला तूप-मेतकूट-भात आणि पाच रुपयांचे चटकदार पाकीट यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. हे पाकीट आता आदिवासी पाड्यावरच्या टपरीतही दोरीला लटकते. ज्या मुलाची उंची आधीच खुंटली आहे त्याला डाळ, दूध, अंड्याऐवजी नुसता मैदा, साखर आणि पामतेल मिळाले, तर वजन चढते आणि उंची तिथेच राहते.

शहरात वेगळे चित्र दिसते. मुंबई-पुण्यातले मूल सकाळी शाळेच्या व्हॅनमध्ये बसते, दुपारी क्लासला जाते आणि संध्याकाळी सोसायटीच्या आवारात त्याला खेळायला जागा नसते, कारण तिथे गाड्या उभ्या असतात. डब्यात पोळी-भाजी असते, पण ती बरेचदा तशीच परत येते. मुलगे मुलींपेक्षा अधिक लठ्ठ आढळतात : २०२२ च्या अंदाजानुसार देशात ५ ते १९ वयाचे ७३ लाख मुलगे आणि ५२ लाख मुली लठ्ठ होत्या, १९९० मध्ये दोन्ही मिळून ४ लाख. या फरकात घरातल्या वाढपाचाही थोडा हात असावा, जास्तीचे तूप कोणाच्या पानात पडते हे आपण जाणतोच. उलट वयात आल्यावर मैदान सुटते ते मुलींचे.

लक्षणे व परिणाम : पहिली खूण बहुधा मानेवर दिसते. मानेची मागची बाजू आणि काखा काळवंडतात, कातडी मखमलीसारखी जाड होते. आई ती मळ समजून डाळीच्या पिठाने, घोसाळ्याच्या घासणीने घासत राहते. तो मळ नसतो. रक्तातील इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते आणि घासून जात नाही. पुढे यकृतात चरबी, वाढलेला रक्तदाब, मुलींमध्ये लवकर येणारी पाळी आणि मग तिची अनियमितता, गुडघेदुखी, झोपेत घोरणे. ‘ढोल्या’, ‘जाडी’ या हाकांचे परिणाम तपासणीच्या कागदावर उमटत नाहीत.

उपाय : राज्य शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, शीतपेये, पिझ्झा-बर्गर यांसारखे पदार्थ हद्दपार करण्याचा निर्णय काढला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी ही मनाई शाळेच्या आवाराभोवती ५० मीटरपर्यंत नेली. २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना कोणत्या पदार्थात किती साखर आहे हे सांगणारे फलक लावायला सांगितले. ५० मीटर म्हणजे मधल्या सुट्टीत पोराला धावत जाऊन यायला जेमतेम अर्धे मिनिट. खाऊची गाडी थोडी पुढे सरकली की नियम पाळला जातो.

उपचारात वाढत्या वयाच्या लठ्ठ मुलाला सहसा उपाशी ठेवत नाहीत. वजन घटवण्यापेक्षा ते आहे तिथे थोपवण्यावर भर असतो : गोड पेये आणि पाकिटे बंद, डाळ-उसळ-अंडी वाढवणे, रोज तासभर घाम येईल असा खेळ आणि वेळेवर झोप. वर्ष-दोन वर्षांत उंची वाढते आणि तेच वजन त्या उंचीला शोभू लागते. हा अवधी उंची वाढते आहे तोवरच हाती असतो. मुलींमध्ये पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन वर्षांत तो जवळजवळ संपतो.