आंतरराष्ट्रीय संबंधांचे पदव्युत्तर शिक्षण (कोकणच्या संदर्भात)

राष्ट्राराष्ट्रांतील राजकारण, व्यापार, कायदा आणि संघर्ष यांचा पदवीनंतर केला जाणारा एकत्रित अभ्यास. परराष्ट्र सेवा, संयुक्त राष्ट्रे, मदतसंस्था, निर्यात, संशोधन किंवा पत्रकारितेकडे वळू पाहणारे पदवीधर तो निवडतात. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर, असे युद्ध पुन्हा होऊ नये या तळमळीतून हा विषय विद्यापीठांत आला. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे 1919 मध्ये त्याचे पहिले अध्यासन निर्माण झाले. भारतात 1955 मध्ये दिल्लीला इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले. 1970 मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले.

हा अभ्यासक्रम भारतात आणि अमेरिकेत साधारण दोन वर्षांचा असतो, ब्रिटनमध्ये बहुधा एका वर्षाचा. सिद्धान्त, राजनयाचा इतिहास, अर्थकारण, आंतरराष्ट्रीय कायदा, एखाद्या प्रदेशाचा सखोल अभ्यास आणि शेवटी प्रबंध अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. अनेक ठिकाणी परकीय भाषाही शिकावी लागते.

कोकणातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तेथे राज्यशास्त्राची पदवी घेता येते. पुढच्या विशेष अभ्यासासाठी मात्र विद्यार्थी बहुधा मुंबई, पुणे किंवा दिल्ली गाठतो. अभ्यासाची सामग्री तो गावीच सोडून जातो, हे खेदाचे आहे. कारण या विषयातील जवळजवळ प्रत्येक मोठा प्रश्न या किनाऱ्यावर प्रत्यक्ष घडून गेला आहे.

गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प हे त्याचे ठळक उदाहरण. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीशी 1992 मध्ये प्राथमिक करार झाला, 1995 मध्ये राज्य सरकारने तो प्रकल्प रद्द केला, फेरवाटाघाटींनंतर तो पुन्हा उभा राहिला आणि 2001 मध्ये विजेच्या दरावरून बंद पडला. त्यानंतर बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या एन्रॉनच्या अमेरिकी भागीदारांनी मॉरिशसमधील कंपन्यांमार्फत भारत–मॉरिशस गुंतवणूक कराराखाली लवादाकडे दाद मागितली. अमेरिकी कंपनीला मॉरिशसचा करार कसा उपयोगी पडतो, आणि राज्याने मोडलेल्या कराराबद्दल केंद्राला उत्तर का द्यावे लागते, हे समजले की गुंतवणूक कायद्याचा निम्मा गाभा हाती येतो. जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पात फ्रान्सशी चाललेल्या वाटाघाटींत अपघाताची भरपाई पुरवठादाराने द्यायची की नाही, हा प्रश्न वर्षानुवर्षे अडून राहिला.

हापूसचेही तसेच. अमेरिकेची बाजारपेठ 2007 मध्ये भारतीय आंब्याला खुली झाली ती विकिरण प्रक्रियेच्या, म्हणजे फळातील कीड किरणांनी निष्प्रभ करण्याच्या अटीवर. मे 2014 मध्ये फळमाशीचे कारण देऊन युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली. जानेवारी 2015 मध्ये बंदी उठवण्याचा निर्णय झाला. देवगडच्या बागायतदाराला त्या हंगामात जागतिक व्यापाराचे नियम कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नीट कळले असतील. मच्छीमारांचे जगणे 1982 च्या सागरी कायदा कराराशी बांधलेले आहे: किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, 200 मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासळीवर आणि इतर साधनसंपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो असा समुद्र. रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 पासून 1916 मध्ये मृत्यू येईपर्यंत स्थानबद्ध होता; 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्याच्या समाधीला भेट देऊन गेले.

सर्वांत दुर्लक्षित विषय आखाती स्थलांतराचा. रायगड आणि रत्नागिरीतील कितीतरी घरांतले कोणी ना कोणी कुवेत, दुबई किंवा मस्कतला आहे. कामगाराचा परवाना मालकाशी बांधणारी कफाला पद्धत जगभर अभ्यासली जाते. ती सोसलेल्या माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलू शकणारा कोकणातला विद्यार्थी जो प्रबंध लिहील, तो बाहेरच्या संशोधकाला सहज साधणार नाही. इंग्रजी वाचनाचा सराव या विद्यार्थ्याला कष्टाने करावा लागतो, पण तो वर्षभरात जमतो.

परराष्ट्र सेवेसाठी ही पदवी आवश्यक आहे असा समज गावोगावी आढळतो. तो चुकीचा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा तेथील एक वैकल्पिक विषय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अनेक व्यावसायिक पदांसाठी मात्र पदव्युत्तर पदवी मागितली जाते.

परदेशातील खर्च हा मोठा अडसर. 1892 मध्ये स्थापन झालेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनसाठी चेव्हनिंग आणि अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू या शिष्यवृत्त्यांना आधी कामाचा अनुभव लागतो, म्हणून पदवीनंतर लगेच अर्ज न करता काही काळ नोकरी करणे हिताचे ठरते.